डेथ स्ट्रँडिंग: अन्याला पत्र

नागपूर,
मे अखेर

प्रिय अन्या,

परवा फोनवर तू म्हणालास, "डेथ स्ट्रँडिंग गेम अर्ध्यात सोडला, डोक्यावरून गेला." त्यावर नीट बोलायचं राहून गेलं. माझा पूर्ण झाला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. शेवट सांगितला तरी चालेल असं तूच म्हणालास, म्हणून काही हातचं न राखता लिहितो.

तुझी तक्रार खरी आहे. सुरुवातीलाच बीटी म्हणजे मेलेल्यांची भुतं, बीबी म्हणजे त्यांची चाहूल देणारं कुपीतलं बाळ, टाइमफॉल म्हणजे भिजेल त्याला म्हातारं करणारा पाऊस, कायरल नेटवर्क म्हणजे तुटलेली शहरं जोडणारं जाळं, बीच म्हणजे जगणं-मरणं यांच्या मधला किनारा, असं सगळं अंगावर येतं. आपण ज्याला चालवतो त्या सॅम या हमालाला ते आधीच ठाऊक, त्यामुळे आपल्याला कोणी सांगत नाही. मग मध्यावर सगळे सांगायला लागतात आणि थांबायचं नावच घेत नाहीत. सॅमचा साथीदार डेडमॅन जे सांगतो तेच दुसरा साथीदार हार्टमॅन सांगतो, वर पुन्हा ईमेल येतात. शेवटची लढाई संपल्यावर तर कंट्रोलर बाजूला ठेवून नुसतं बघत बसायचं. कूलरच्या घरघरीत अर्धं ऐकू येईना, म्हणून मी सबटायटल वाचत होतो.

आणि तिथे कळतं की सॅमची बहीण म्हणवणारी अमेली आणि त्याला वाढवणारी आई ब्रिजेट एकच. ब्रिजेट देह, अमेली आत्मा. जिला सोडवायला आपण अख्खी अमेरिका पायी ओलांडली, तीच जगाचा अंत घडवणारी. गावोगाव जाऊन आपण जे नेटवर्क जोडलं, त्यानंच सगळ्यांचे बीच एकमेकांना जोडले गेले आणि अंताची वाट मोकळी झाली. अबे अन्या, केवढी जबरदस्त कल्पना आहे ही! ज्या कामाचा इतका अभिमान वाटत होता, ती विनाशाची तयारी होती. पण वाटेत त्याची चाहूल कुठेच लागत नाही. एक बाई किनाऱ्यावर उभी राहून ते बोलून सांगते, आणि बोलतच राहते. मला राग आला तो याचा. गुंता मी सहन केला असता. जे पायांना कळायला हवं होतं, ते कानांवर टाकून मोकळे झाले.

कारण पायांना कळवण्याची ताकद या गेममध्ये आहे. तो सुरुवातीचा प्रसंग आठव. ब्रिजेट जाते आणि तिचा मृतदेह पाठीवर बांधून सॅम शहराबाहेरच्या दाहगृहाकडे निघतो. वेळेत जाळला नाही तर मृतदेहाचा बीटी होणार आणि बीटीनं जिवंत माणूस गिळला तर स्फोटात सगळं बेचिराख होणार. आपल्याकडे खांदा द्यायला चौघं असतात, मागे गल्लीतली माणसं चालतात. इथे सॅम एकटा, तोही माणसाचा स्पर्शच सहन न होणारा. उतारावर तोल जायला लागला की दोन्ही ट्रिगर दाबून धरायचे आणि हळूहळू पाय टाकायचे. त्या वाटेवर मला कोणी काही समजावलं नाही, तरी सॅमचं आईशी काय नातं होतं ते उमगलं.

तू सोडलास त्याच्या थोडं पुढे मामा नावाच्या शास्त्रज्ञ बाईचा भाग येतो. कोसळलेल्या इमारतीत तिचं बाळ जन्मायच्या आधीच गेलंय आणि बीटी होऊन नाळेनं तिला बांधून आहे. त्यामुळे ती तिथून हलू शकत नाही. ती सॅमला नाळ कापायला सांगते आणि मग तिला पाठुंगळी घेऊन बर्फाचा डोंगर चढायचा, पलीकडे तिची जुळी बहीण आहे. मी चढत होतो तेव्हा आई पाणी घेऊन खोलीत आली आणि उभीच राहिली. "कोनाले घेऊन चालला रे हा?" मी सांगितलं. तिनं बसकण मारली. मध्ये मी ढगाळ कड्यावर रस्ता चुकलो तर म्हणाली, "लवकर ने तिले." बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला आणि आम्ही दोघं त्या बर्फात. त्या बाईचं पुढे काय होतं ते आईला बघवलं नाही. आता तीच रोज विचारते, त्या बहिणीचं काय झालं?

हा गेम बनवणाऱ्या कोजिमानं कोनामी ही जुनी कंपनी सोडून नव्या स्टुडिओत केलेला हा पहिला गेम, २०१९चा. स्वतःच्या मनासारखं करायला मिळाल्यावर त्यानं आपल्या हाती बंदुकीआधी शिडी दिली, हे मला फार मोठं वाटतं. एका ओढ्यावर माझा सगळा माल वाहून जायच्या बेतात होता आणि समोर कोण्या अनोळखी खेळाडूनं लावलेली शिडी दिसली. तो माणूस मला कधी भेटणार नाही, दिसणारही नाही. मी लाइक देत सुटलो. नंतर महामार्गासाठी धातू आणि सिरॅमिक वाहून टाकण्यात माझ्या कितीतरी रात्री गेल्या, कथा तशीच खोळंबून राहिली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

क्लिफ या सैनिकाबद्दल मात्र माझं अजून ठरत नाही. बीबीला जोडलं की दिसणाऱ्या त्या आठवणी बीबीच्या नसतातच, सॅमच्या स्वतःच्या असतात. क्लिफ त्याचा बाप. हे उलगडलं तेव्हा अंगावर काटा आला, त्याची भूमिका करणाऱ्या मॅड्स मिकेलसननं कामही तसंच केलंय. पण मग त्याला तीन-तीन युद्धांत का फिरवलं? त्या लढाया मला उपऱ्या वाटल्या. तुझं युद्धाच्या गेमांवर प्रेम, तुला कदाचित पटतील.

तर सेव्ह डिलीट केली नसशील तर पुढे खेळ. न कळलेलं सोडून दे, चालत राहा, मामापर्यंत तरी पोच. दुसरा भाग २०२५च्या जूनमध्ये आलाय, पण मी अजून घेतला नाही. तू पहिला संपव, दिवाळीत नागपूरला येशील तेव्हा मिळून सुरू करू. आईला सांगून ठेवलंय, तीही बसणार आहे.

तुझा,
सुध्या