हटत नसलेले फोल्डर आणि घाईचे सल्ले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकावरचा एखादा फोल्डर हटत नसेल, तर कुठून तरी ‘अनलॉकर’ (अडकलेल्या फाइली सोडवणारा प्रोग्राम) उतरवून घ्यावा किंवा फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊन तो जबरदस्तीने पुसून टाकावा, असा सल्ला संगणकविषयक लेखनात सर्रास आढळतो. विंडोज नकार देताना जी चौकट दाखवते, तीत बहुतेक वेळा कारणाचा धागा असतो. ती न वाचताच बंद करायला लावणारा हा सल्ला मला धोक्याचा वाटतो.

नेहमीचे कारण साधे असते: फोल्डरमधील एखादी फाइल कोणत्या तरी प्रोग्रामने उघडी धरलेली असते. खिडकी बंद केली तरी प्रोग्राम मागे चालू राहू शकतो. शिवाय वनड्राइव्हचे सिंक (फाइलींची प्रत इंटरनेटवर जुळवून ठेवणे), अँटिव्हायरसची तपासणी, इतकेच काय, त्याच फोल्डरमध्ये उघडी राहिलेली कमांड प्रॉम्प्टची (आज्ञा टाइप करण्याची) खिडकीसुद्धा फोल्डर अडवून ठेवते. (लिनक्समध्ये उघडी फाइलही हटवता येते, तेथे नाव लगेच जाते आणि शेवटच्या प्रोग्रामने ती सोडली की मजकुराची जागा मोकळी होते.) विंडोजमधील रिसोर्स मॉनिटर या चालू प्रोग्राम दाखवणाऱ्या साधनाच्या ‘सीपीयू’ या भागात ‘असोसिएटेड हँडल्स’समोर फोल्डरचे नाव टाकले, की अडवणारी प्रक्रिया सहसा सापडते. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत साधनसंचात फाइल कोणी अडवली हे दाखवणारा ‘फाइल लॉकस्मिथ’ही आहे. मग अनोळखी संकेतस्थळावरचे साधन, आणि त्यासोबत येऊ शकणारी नको ती सॉफ्टवेअरे, कशासाठी?

काही वेळा दोष नावातच असतो. विंडोजमध्ये संपूर्ण मार्गाची (ड्राइव्हपासून फाइलपर्यंतच्या पत्त्याची) मर्यादा परंपरेने 260 अक्षरांची असल्यामुळे खूप खोलवर एकात एक ठेवलेले फोल्डर कधी कधी हटत नाहीत. वरच्या फोल्डरांची नावे एकेका अक्षराची केली, की काम होते. नावाच्या शेवटी टिंब किंवा रिकामी जागा असेल, किंवा डॉसच्या काळापासून राखीव असलेले ‘कॉन’ वा ‘नल’ हे नाव असेल, तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आरडी’ ही फोल्डर हटवण्याची आज्ञा देऊन पूर्ण मार्गाच्या आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा तशीच एक रेघ लिहावी लागते.

मालकी बदलण्याचा उपाय मात्र शेवटी ठेवावा. ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्या अंतर्गत खात्याच्या ताब्यातील फोल्डर विंडोजचे स्वतःचे असतात आणि ते पुसल्यास संगणक सुरू होणेही अवघड होऊ शकते. जुन्या आवृत्तीचा ‘विंडोज डॉट ओल्ड’ काढायचा असेल, तर विंडोजच्याच डिस्क क्लीनअप या साधनात त्याची सोय आहे.

फोल्डर वाचताही येत नसेल, तर डिस्क बिघडत असल्याची शक्यता असते. अशा वेळी हटवण्याचा नाद सोडून आधी बाकीच्या फाइलींची प्रत दुसरीकडे घ्यावी आणि नंतरच ‘चेकडिस्क’ हे डिस्क तपासण्याचे साधन चालवावे. आपल्या सदरात असे उपाय छापताना कोणता संदेश आल्यास कोणता उपाय, हेही सोबत द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक