गच्चीवरच्या वादाचं उत्तर

प्रिय विन्या,

दिवाळीत गच्चीवर आपलं भांडण अर्धवट राहिलं. अ‍ॅडम स्मिथ, तो अठराव्या शतकातला स्कॉटिश अर्थशास्त्रज्ञ, म्हणजे शेटजींचा वकील, असं तू म्हणालास आणि मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. तेव्हापासून त्याचं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ घेऊन बसलोय. पहिल्या भागातलं आठवं, मजुरीवरचं प्रकरण दोनदा वाचलं. आता तुला लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मजुरी ठरवताना पारडं आधीच झुकलेलं असतं, असं तो सांगतो. मालक मोजके, त्यांची एकी चटकन होते. साठवलेल्या पैशावर ते वर्ष-दोन वर्षं काढतील; बऱ्याच कामगारांची चूल मात्र आठवडाभरही पेटणार नाही. मजुरी वाढवून मागायला कामगार एकत्र आले, तर त्यांच्याविरुद्ध ब्रिटिश पार्लमेंटचे कितीतरी कायदे. ती पाडायला मालक एकत्र आले, तर एकही नाही. त्या पार्लमेंटमध्ये जमीनदार आणि पैसेवाले बसायचे, बहुतेक कामगारांना मतच नव्हतं. अशा देशात हे छापायला छाती लागते रे.

टाचण्यांच्या कारखान्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते: काम वाटून घेतलं की दहा माणसं दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. पण जन्मभर एक-दोनच सोपी कामं करणाऱ्याची बुद्धी गंजते, म्हणून गरिबांच्या मुलांसाठी गावोगाव स्वस्त शाळा हव्यात, हेही पाचव्या भागात तोच लिहितो. हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, याचा मला खरंच राग येतो.

आणि बंगाल! १७६९-७० च्या दुष्काळात तिथे माणसं किड्यामुंगीसारखी मेली. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांनी टंचाईचा दुष्काळ केला असावा, असं त्याचं मत. व्यापारी कंपनीचं राज्य हे कुठल्याही देशासाठी बहुधा सर्वांत वाईट, असं त्याने लिहिलंय. तीच कंपनी १७७२ मध्ये बुडायला आली, तेव्हा सरकारने तिला १४ लाख पौंड कर्ज दिलं, आणि १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने मुंबईकर इंग्रजांना युद्ध आणि तहांच्या बाबतीत कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलच्या ताब्यात दिलं. त्याच जोरावर कलकत्त्याने मुंबईकरांनी राघोबादादांशी केलेला सुरतेचा तह झिडकारला आणि १ मार्च १७७६ रोजी पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह झाला. ९ मार्चला लंडनमध्ये हे पुस्तक बाहेर पडलं. आठ दिवसांचं अंतर! हे लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो.

तुझं एक मान्य: धान्याच्या व्यापाऱ्यावर त्याचा फार भरवसा आहे. भाव चढला की लोक जपून खातात आणि धान्य हंगामभर पुरतं, हे त्याचं म्हणणं. ज्याच्या खिशात पैसाच नाही त्याने काय करायचं, इथे माझं मन त्याच्याबरोबर जात नाही. पण शेटजींचा वकील? नाही रे.

आठव्या प्रकरणाचे फोटो पाठवतो. वाच आणि भांडायला ये. वहिनींना नमस्कार सांग. काकूंचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझा,
बाळ्या