काचेमागची मॅच

मुंबई

प्रिय पक्या,

तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. वानखेडेवरच्या बॉक्समधून, म्हणजे त्या काचेमागच्या खास खोलीतून, मॅच कशी वाटली, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर मावलंही नसतं, म्हणून लिहितोय.

ऑफिसातून दोन पास मिळाले आणि मी बाबांना घेऊन गेलो. त्यांच्या गुडघ्यांचं तुला माहीतच आहे. चार पायऱ्या चढल्या की कठडा धरून उभे राहतात. इथे लिफ्टने थेट दारापर्यंत. एसी, सोफा, गरम जेवण, मागाल तेव्हा गार पाणी. बाबा पाय लांब करून बसले आणि मला फार बरं वाटलं. त्यामुळे असल्या जागांना मी सरसकट नावं ठेवणार नाही.

पण पहिला चौकार गेला आणि समोरचा नॉर्थ स्टँड उठून उभा राहिला. हजारो हात वर, तोंडं उघडी, आणि आमच्या खोलीत फक्त एसीची घरघर. बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज कुठाय?"

खोलीत वीसेक माणसं होती, त्यातली निम्मी मैदानाकडे पाठ करून बोलत उभी. विकेट पडली की माना भिंतीवरच्या टीव्हीकडे वळायच्या. खरी विकेट काचेपलीकडे पडून गेलेली असायची. पक्या, मला मनापासून वाईट वाटलं. २०११च्या वर्ल्ड कप फायनलला ३३ हजारांच्या याच मैदानात सर्वसामान्यांसाठी जेमतेम चार हजार तिकिटं होती. आत शिरायला जीव टाकणारी माणसं बाहेर राहतात आणि ज्यांना मॅचशी घेणंदेणं नाही त्यांच्यासाठी सोफे मांडलेले असतात, हे मला पटत नाही, कधीच पटणार नाही.

आणि हे स्टेडियम उभंच राहिलं ते तिकिटांच्या भांडणातून! ब्रेबॉर्न स्टेडियम सीसीआयचं, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, मॅच भरवायची मुंबईच्या क्रिकेट असोसिएशनने, आणि असोसिएशनच्या वाट्याला किती जागा यावरून वाद. शेवटी बॅरिस्टर वानखेड्यांनी चालत दहा मिनिटांवर स्वतंत्र मैदान उभं केलं. १९७५च्या जानेवारीत तिथली पहिली कसोटी झाली, तेव्हा वेस्ट इंडिजच्या लॉइडच्या नाबाद २४२ धावा बाबांनी सिमेंटच्या पायरीवर बसून पाहिल्या. ती पायरी किती तापायची हे अजून सांगतात, पण तक्रार म्हणून नाही.

तुला आपला २०१३चा नोव्हेंबर आठवतो? सचिनची २००वी कसोटी. आपल्या शेजारी एक काका शाळेच्या वहीत पेन्सिलीने स्कोअर लिहीत होते, प्रत्येक चेंडूला एक टिंब. सचिन ७४वर असताना वेस्ट इंडिजच्या सॅमीने स्लिपमध्ये झेल घेतला आणि अख्खं स्टेडियम क्षणभर गप्प झालं. मग टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेचनात. सगळे उभे, काका एकटे बसून. त्यांनी सावकाश लिहिलं, 'झे. सॅमी गो. देवनारायण', आणि वही माझ्या हातात देऊन डोळे पुसले. त्यांचं नावही आपण विचारलं नाही. पण ती वही हातात धरून उभं राहिलो ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. टीव्हीवर तो झेल मी नंतर कितीदा तरी पाहिला असेन, ते टाळ्यांआधीचं गप्प होणं त्यात सापडत नाही.

बॉक्सचं राहिलंच. काचेबाहेर खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या. दहाव्या ओव्हरला बाबा उठले, माझा हात धरून दाराशी आले आणि म्हणाले, "उघड." दार सरकवलं मात्र, सगळा कल्ला एकदम अंगावर आला. बाबा थबकले, मग कडेच्या खुर्चीत जाऊन बसले. घामाने सदरा भिजला, आतून दोनदा जेवायला बोलावणं आलं, पण शेवटच्या चेंडूपर्यंत हलले नाहीत. मधेच शेजारच्या बॉक्समधल्या एका मुलाला फील्ड कशी लावलीय ते समजावून सांगत होते. किती दिवसांनी मी त्यांना असं मोठ्याने बोलताना ऐकलं!

आता त्यांनी ठरवलंय, पुढची मॅच नॉर्थ स्टँडमधून. मी गुडघ्यांचं काढलं तर म्हणाले, "पक्याला बोलाव. एका बाजूने तू, एका बाजूने तो." तेव्हा तारखा कळल्या की लगेच कळवतो, रजा टाकून ठेव. तोवर मी एकदा जाऊन खालच्या रांगांपर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजून येतो. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझाच,
नंदू