बोअरची चढाओढ कॉम्प्युटरवर दाखवा, सॉफ्टवेअर फुकट आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळा तोंडावर आला की तुमच्या पेपरात बोअरच्या बातम्या सुरू होतात, कुठं आठशे फुटाला फुफाटाच निघाला, कुठं टँकर लागला. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते इकडं कुणीच विसरलेलं नाही.

मी औसा तालुक्यात ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. यंदा आमच्या दोन पोरींनी कॉम्प्युटरवर नेटलोगो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एक शिवार उभं केलं. अमेरिकेतले प्राध्यापक उरी विलेन्स्की यांनी 1999 मध्ये बनवलेलं हे सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, एक रुपया लागत नाही आणि नुसत्या ब्राउझरमध्येसुद्धा चालतं. यात जमीन म्हणजे चौकटी आणि त्यावर फिरणारी पात्रं, त्यांना टर्टल म्हणजे कासव म्हणतात. पोरींनी प्रत्येक चौकटीत पाणी भरलं, प्रत्येक कासवाला शेतकरी केलं आणि एकच नियम दिला, शेजाऱ्याचा बोअर खोल गेला अन् तुझं पाणी आटलं की तू पन्नास फूट अजून खाली जा.

बटण दाबलं. निळं शिवार बघता बघता पांढरं पडत गेलं. पाऊस वाढवून बघितला तर चार वर्षं जास्त टिकलं, पुन्हा तेच. मग तीन शेतकऱ्यांत एक बोअर आणि उसाला मर्यादा असा नियम घातला तेव्हा निळा रंग टिकला. एक पोरगी हळूच म्हणाली, सर, आमच्या आबांनी असंच केलं, भावकीतल्यानं बोअर पाडला म्हणून आपण पाडला, दोन्ही कोरडे. त्यात आबांची चूक काय? प्रत्येकजण आपापल्या परीनं बरोबरच वागतो आणि सगळं शिवार कोरडं पडतं, हे भाषणातून नाही कळत हो, डोळ्यांनी बघितलं की कळतं.

हा काही भविष्याचा अंदाज नाही, आकडे पोरींनी मनानं घातलेत आणि आपल्या काळ्या खडकात पाणी भेगांमधून जातं, ते असं सपाट चौकटीत बसत नाही. म्हणूनच म्हणतो की नांदेड आणि संभाजीनगरच्या विद्यापीठांनी हे प्रोजेक्ट म्हणून द्यावं, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा येणाऱ्या पोरांसाठी मेसा नावाचं असंच सॉफ्टवेअर आहे, तेपण ओपन सोर्सच. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजतेच, ते आकडे यात घालावेत अन् सूचना मराठीत कराव्यात.

1 मेच्या ग्रामसभेत आम्ही हे शिवार पडद्यावर दाखवणार आहोत, दुसऱ्या कुठल्या गावाला हवं असेल तर फाइल द्यायला पोरी तयार आहेत.

आपला,
एक शिक्षक, ता. औसा, जि. लातूर