बार बंद झाला, आता ग्लास कोण उचलणार?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तीतले बार आणि दारूची दुकाने हटवा अशी मागणी करणारी पत्रे आपल्या पानावर सध्या वरचेवर दिसतात. कुणी सातपूरहून लिहिते, कुणी पंचवटीतून. त्या मागणीला माझा विरोध नाही. आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या चौकातला बार बंद व्हावा म्हणून फिरलेल्या अर्जावर माझीही सही आहे. बार बंद झालासुद्धा. आमच्या अर्जामुळे नव्हे; बारवाल्याचे आणि जागामालकाचे भाड्यावरून फाटले आणि एक दिवस शटर खाली आले. पेढे मात्र आम्ही वाटले. पुढे काय झाले ते कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

बारमध्ये बसणारी मंडळी पिणे सोडून घरी गेली नाहीत. दोन चौक पलीकडे वाईन शॉप आहे. तिथून क्वार्टर घ्यायची, शेजारच्या टपरीवरून प्लास्टिकचे ग्लास, पाण्याची बाटली आणि चकण्याची पुडी घ्यायची, आणि कॉलनीच्या मोकळ्या भूखंडावर नाहीतर नंदिनीच्या (आम्ही अजून नासर्डीच म्हणतो) काठावर जाऊन बसायचे. बारमध्ये निदान चार भिंती होत्या, मुतारी होती, गल्ल्यावर ओरडणारा मॅनेजर होता. आणि ग्लास काचेचा होता, तो रात्री धुऊन फळीवर परत जात होता. आता माणसागणिक एक ग्लास, एक पाण्याची बाटली, दोन पुड्या तिथेच पडतात. सकाळी मुले त्याच भूखंडावर क्रिकेट खेळायला येतात तेव्हा आधी काचा वेचतात.

दारूची काचेची बाटली भंगारवाला नेतो, कारण तिचे त्याला पैसे मिळतात. पाण्याची बाटलीही कुणी कचरा वेचणारी बाई उचलते. उरतो तो पातळ ग्लास आणि पुडीचा चकाकता कागद. त्याला भंगारात किंमत नाही, म्हणून त्याला हात लावायला कुणी येत नाही. झाडूवाल्या मावशी तो ढीग एका कोपऱ्यात लोटतात, रात्रीचे वारे तो पुन्हा पसरवते आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळे नदीत जाते. नंदिनी टाकळीकडे गोदावरीला मिळते हे सांगायला नकोच. घंटागाडी आमच्या दारावर येते, ओला-सुका वेगळा घेते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती दारावरचा कचरा घेते. नदीकाठच्या झुडपात बसलेल्यांच्या मागे ती कुठवर जाणार?

हा ग्लास मुळात विकायलाच बंदी आहे. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी दंड सुरू झाला: पहिल्यांदा 5,000 रुपये, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिने कैद. त्यानंतर 1 जुलै 2022 पासून केंद्रानेही एकदा वापरायच्या प्लास्टिकचे ग्लास, ताटल्या, चमचे, स्ट्रॉ देशभर बंद केले. म्हणजे दोन-दोन कायदे आहेत. तरी टपरीवर ग्लासांची चळत उघड्यावर टांगलेली असते. कारवाईची मोहीम निघाली की आधी सापडते ती भाजीवाली. तिच्या पिशव्या जप्त होतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. ज्या गोदामातून ही पोती येतात तिथला फोटो छापून आलेला मला आठवत नाही.

उघड्यावर पिण्याचेही तेच. आपल्याकडचा दारूबंदी अधिनियम 1949 चा आहे आणि तो बराच कडक आहे. अंडाभुर्जीच्या किंवा चायनीजच्या गाडीवर परवान्याशिवाय दारू पिऊ दिली तर गाडीवाल्यावर कलम 68, पिणाऱ्यावर कलम 84. इतकेच काय, कायद्याने पिणाऱ्याजवळही परवाना हवा. एक दिवसाचा परवाना विदेशीसाठी 5 रुपये, देशीसाठी 2 रुपये. सरकारने दोन रुपयांचा हिशेब ठेवायची सोय केली, पण त्या पिण्यातून निघणाऱ्या कचऱ्याचा हिशेब कुणाकडेच नाही. तक्रार घेऊन गेले की एक खाते म्हणते पिणारे पोलिसांचे, दुसरे म्हणते दुकान उत्पादन शुल्कचे, तिसरे म्हणते कचरा आमचा पण माणसे आमची नाहीत.

बार हटवला की दारू हटते, हा समज आपल्या शहराने एकदा जवळून तपासला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर 2016 च्या आदेशानुसार 1 एप्रिल 2017 पासून राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आतली दुकाने बंद झाली. मुंबई-आग्रा महामार्ग तर आपल्या शहराच्या मधूनच जातो. तेव्हा महामार्गावरून उठलेली दुकाने वस्त्यांत जागा शोधू लागली आणि बायका रस्त्यावर उतरल्या. जुलैत न्यायालयाने पालिका हद्दीपुरती सूट दिली. चंद्रपूर जिल्ह्यात 2015 साली दारूबंदी झाली, 2021 मध्ये ती उठवावी लागली. यातून दारूबंदी चूक असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणते की बाटली एका जागेवरून उठली की ती दुसरीकडे कुठे बसते ते बघण्याची जबाबदारी कुणावर तरी टाकायला हवी.

माझ्याकडे धुणीभांडी करणारी बाई हे ऐकून म्हणाली, “ताई, तुम्हाला ग्लासाची पडलीय. आमच्या घरात शनिवारचा पगार बघा.” तिचे म्हणणे मला पटते. तिच्या वस्तीच्या तोंडाशी असलेले देशीचे दुकान आणि आमच्या चौकातला बार यांना एकाच मापाने मोजू नये. देशीचे दुकान रोजंदारीच्या पैशावर चालते, आणि ते उठावे म्हणून तिथल्या बायका ‘आडवी बाटली’ करायला (म्हणजे दुकान बंद व्हावे म्हणून मतदान घडवून आणायला) तयार असतील तर त्यांच्यामागे उभे राहणे आपले कामच आहे. मात्र ती वाट शहरात फार अवघड करून ठेवली आहे. 2008 च्या आदेशाप्रमाणे वॉर्डातल्या महिला मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांनी अर्ज द्यायचा, सह्या तपासल्या जायच्या, मग गुप्त मतदान, आणि निम्म्याहून जास्त मते आडव्या बाटलीला हवीत. गावात हे जमते, कारण गाव एवढेसे असते. नाशिकच्या चार नगरसेवकांच्या प्रभागात तीस हजारांहून जास्त मतदार आहेत. दुकान एका गल्लीतल्या बायकांच्या जिवाला लागलेले, आणि सह्या गोळा करायच्या ज्यांनी ते दुकान कधी पाहिलेलेच नाही अशांच्या! मतदान करायचेच असेल तर दुकानाभोवतीच्या दोन-चार मतदान केंद्रांपुरते व्हावे. नव्या दुकानाला सोसायटीची ना हरकत लागेल असे सरकारने 2025 च्या मार्चमध्ये विधिमंडळात सांगितले. चांगलेच आहे. पण सिडको महामंडळाने सहा योजनांमध्ये बांधलेली आमची घरे म्हणजे रांगेतली बैठी घरे. इथे बहुतेक ठिकाणी सोसायटीच नाही. ना हरकत कोण देणार, आणि कुणाकडे मागणार?

आता ग्लास-बाटलीकडे परत येते, कारण तिथे करण्यासारखे काहीतरी आहे. तमिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून 2022 मध्ये नीलगिरी जिल्ह्यात दारूच्या प्रत्येक बाटलीवर 10 रुपये जादा घ्यायला सुरुवात झाली. रिकामी बाटली परत आणली की ते 10 रुपये परत. जंगलात फुटलेल्या काचा हत्तींच्या पायात जात होत्या, म्हणून ही सुरुवात. नंतर इतर जिल्ह्यांतही ती पद्धत नेली. केरळने सप्टेंबर 2025 पासून तिरुवनंतपुरम आणि कण्णूरमध्ये 20 रुपये अनामत सुरू केली, प्लास्टिकच्या बाटलीवरही. तिथली दुकाने सरकारी महामंडळांची आहेत, आपल्याकडे खासगी परवानाधारक, म्हणून इथे जमणार नाही असे लगेच कुणी म्हणेल. पण आपल्या परवानाधारकालाही दर वर्षी परवान्याचे नूतनीकरण करून घ्यावेच लागते. नूतनीकरणाच्या अटींतच रिकामी बाटली परत घेणे घालता येईल. दुकानापासून शंभर मीटरपर्यंतची सफाई दुकानदाराच्या खर्चाने, आणि शेजारच्या टपरीवर बंदी असलेला ग्लास सापडला तर नोटीस दुकानदारालाही. टपरी त्याच्याच गिऱ्हाइकावर चालते. त्याने मनावर घेतले तर ग्लासांची चळत दोन दिवसांत गायब होईल.

कुणी म्हणेल, मग पिणाऱ्यांनी बसायचे कुठे? खरे सांगायचे तर नियमाने चालणारा, रात्री वेळेवर बंद होणारा, शाळेपासून आणि देवळापासून 75 मीटरचे अंतर पाळणारा बार मला मोकळ्या भूखंडापेक्षा परवडतो. हे वाक्य वाचून आमच्या महिला मंडळात माझे काय होईल ते मला माहीत आहे. पण संध्याकाळी सातनंतर मुली ज्या रस्त्याने क्लासहून येतात, त्या रस्त्यावर पूर्वी एक बार होता. आता चार ठिकाणी घोळके असतात आणि त्यांना हटकायला मॅनेजरसुद्धा नाही.

2027 च्या 2 ऑगस्टला सिंहस्थाचे पहिले अमृतस्नान आहे. रामकुंडाच्या पायऱ्या घासून लख्ख होतील, घाटांवर दिवे लागतील, याची मला खात्री आहे. पण रामकुंडात बुडी मारणाऱ्याला सातपूर-सिडकोच्या नाल्यांशी देणेघेणे नसले तरी तपोवनाच्या पुढे ज्या गावांच्या दारातून गोदावरी वाहते, त्यांना आहे. निदान सिंहस्थापुरता तरी जिल्हाधिकाऱ्यांनी गोदावरी, नंदिनी, वालदेवी आणि वाघाडीच्या काठालगतच्या दुकानांवर बाटली-अनामतीचा प्रयोग करून पाहावा. सोबत महापालिका, पोलीस आणि उत्पादन शुल्क यांच्यापैकी तक्रार कुणाकडे नोंदवायची तो एकच फोन क्रमांक जाहीर करावा आणि तो प्रत्येक दारू दुकानाच्या दर्शनी भागावर, दरपत्रकाशेजारी, लावायला लावावा.

आपल्या वार्ताहराला आणि छायाचित्रकाराला एखाद्या रविवारी सकाळी सहाच्या सुमारास, झाडूवाल्या मावशी येण्याआधी, नंदिनीच्या काठाने पायी पाठवावे ही विनंती. जाड तळव्याचे बूट घालून यायला सांगा.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक