विषय: नायट्राइलच्या बिलावर पावडरचे लेटेक्स ग्लोव्हज पाठवल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

तुमच्या कस्टमर केअरचा फोन आत्ताच ठेवलाय. आता जे काही बोलायचं ते लेखी.

ऑर्डर पावडर-फ्री नायट्राइल ग्लोव्हजची होती, म्हणजे कृत्रिम रबराच्या, ज्यात लेटेक्स नसतं. बिलावरही नायट्राइलच आहे. खोक्यात निघाले पावडर मारलेले लेटेक्सचे, म्हणजे रबराच्या झाडाच्या चिकाचे, आणि वर ठळक अक्षरांत 'हायपोॲलर्जेनिक', म्हणजे म्हणे ॲलर्जीची शक्यता कमी. स्टोअरला आले, कुणी बघितलं नाही, थेट ऑपरेशन थिएटरमध्ये, ओटीत, लागले. पहिली केस संपेपर्यंत माझं नाक गळायला लागलं, डोळे चुरचुरायला लागले, मास्कच्या आत शिंकांवर शिंका. मला लेटेक्सची ॲलर्जी आहे, प्रिक टेस्टचा (त्वचेवर टोचून करतात ती ॲलर्जीची तपासणी) रिपोर्ट सोबत जोडलाय. आमची एक ज्युनिअर सिस्टर तर संध्याकाळपर्यंत धापा टाकत होती.

आता तुमच्या 'सिनिअर एक्झिक्युटिव्ह'ची मुक्ताफळं. मी सांगितलं की माझ्या हातात जुन्या स्टॉकचे नायट्राइल होते, लेटेक्स बाकीच्यांनी घातले होते. त्यावर साहेब हसले. "मग मॅडम, तुम्ही घातलेच नाहीत तर तुम्हाला त्रास कसा होईल?" मी समजावलं. लेटेक्सच्या चिकातली प्रथिनं त्या पावडरीला, म्हणजे मक्याच्या स्टार्चला, चिकटतात, कुणी ग्लोव्ह ओढून काढला की पावडरीसकट हवेत उडतात, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या नाकात जातात. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणे, "नाशिकला द्राक्षांवर फवारणी चालते ना? त्याचं असेल." बागा दिंडोरी-निफाडला, आमचं ओटी नाशिक शहरात मुंबई नाक्याजवळ, दारं बंद, एसी चालू. फवारणी बहुतेक लिफ्टने वर येत असावी! शेवटी सल्ला काय, तर "सर्दीची गोळी घेऊन बघा." इतकी वर्षं ओटीत काढलेल्या बाईला गोळी सुचवताय?

हे सगळं ग्लोव्हज बनवणाऱ्या कंपनीला मी शिकवायचं का? अमेरिकेत लेटेक्सच्या ग्लोव्हजवर 'हायपोॲलर्जेनिक' छापायला १९९८ पासून मनाई आहे आणि पावडरच्या ग्लोव्हजवर जानेवारी २०१७ पासून बंदी. तुम्ही आम्हाला दोन्ही एकाच खोक्यात घालून पाठवलंत, तेही नायट्राइलच्या भावाने. पुन्हा सांगते, बिलावर नायट्राइल आहे.

"बॉक्स उघडलाय, परत घेता येणार नाही" हे पुन्हा ऐकवू नका. न उघडता आत काय आहे ते कळणार कसं?

सगळा माल आपल्या खर्चाने उचलून न्या आणि बदल्यात मागवलेलेच ग्लोव्हज पाठवा. या आठवड्यात हालचाल दिसली नाही तर बिल, खोक्याचे फोटो आणि रिपोर्ट घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे जाणार आहे. नाशिकमधल्या ओटी सिस्टर्सच्या ग्रुपवर हे फोटो आजच जाताहेत, त्यासाठी आठवडाभर थांबणार नाही. तुमचं नाव आम्ही डोळे झाकून ऑर्डर करायचो, याचाच जास्त संताप होतोय.

उत्तर लेखीच द्या. फोन करू नका.

ओटी इन्चार्ज सिस्टर, नाशिक
सोबत: बिलाची प्रत, खोक्याचे फोटो, प्रिक टेस्टचा रिपोर्ट