खाऱ्या पाण्यातला आकडा छापा

महोदय,
डाळिंबाच्या आळ्यात घालायला आणलेल्या हायड्रोजेलच्या (पाणी शोषून धरणाऱ्या पॉलिमरच्या दाण्यांच्या) पिशवीवर ‘वजनाच्या ४०० पट पाणी धरते’ असे छापले होते. हा आकडा शुद्ध पाण्यातला. आमच्या बोअरच्या खारट पाण्यात तेच दाणे जेमतेम फुगले. अंबरनाथला मी पॉलिमरच्या रिॲक्टरवर नोकरी केली आहे. पॉलिमरच्या लांब साखळ्या एकमेकींना जोडून जाळे करणारे रसायन, म्हणजे क्रॉसलिंकर, कमी पडला की जेल शेंबडासारखे सैल होते. जास्त झाला की दाणा कडक राहतो, फारसे पाणी घेत नाही. पाण्यातले कॅल्शियम तर हे जाळे आणखी आवळते. खाऱ्या पाण्यातली धारणक्षमता आणि दाण्याचे पॉलिमर सोडियमच्या क्षाराचे की पोटॅशियमच्या, हे छापणे कृषी खात्याने सक्तीचे करावे. आमच्या जमिनीत सोडियम आधीच भरपूर आहे, दाण्यातून त्यात आणखी भर नको.

– एक डाळिंब उत्पादक, सांगोला